घरापुढचा रस्ता कुणाचा?

रमजानमध्ये गावाचे घड्याळ बदलते. दिवसभर सुस्तावलेली गल्ली इफ्तारनंतर जागी होते. मगरिबची नमाज, चहा, थोडा आराम, आणि ईशाच्या अजानबरोबर माणसे तरावीहसाठी घराबाहेर पडतात. पूर्वी ती पायी निघत, आता बहुतेकजण गाडीवर येतात. दीड-दोन तास मशिदीभोवतीच्या गल्ल्यांत मोटारसायकली आणि कार उभ्या राहतात, आणि ज्यांच्या घरापुढे त्या उभ्या राहतात त्यांचा जीव टांगणीला लागतो. कुणाला दवाखान्यात न्यायचे असते, कुणाचा मुलगा दुसऱ्या पाळीवरून एमआयडीसीतून परत यायचा असतो.

मग आपल्याकडची ती ठरलेली पाटी दिसू लागते. एक दगड, तुटकी प्लास्टिकची खुर्ची, सिमेंट भरलेला रंगाचा डबा आणि त्यात रोवलेला लोखंडी पाइप. अक्षर एक नसते, पण अर्थ सगळ्यांना कळतो : ही जागा आमची. हा दगड हिंदूंच्या घरापुढे असतो, मुसलमानांच्या घरापुढे असतो, बौद्धांच्या घरापुढेही असतो. दगडाच्या बाबतीत वऱ्हाडात पूर्ण एकोपा आहे.

आणि मग तो संवाद. "भाऊ, आमच्या घरापुढं काहून लावली गाडी?" "रस्ता काय तुमच्या नावावर हाय काय?" इथपर्यंत ठीक असते. तिसऱ्या वाक्याला आवाज चढतो, चौथ्या वाक्याला 'तुमचे लोक' हा शब्द येतो, आणि भांडण गाडीचे राहत नाही. रमजानमध्ये 'तुमचे लोक' म्हणजे आम्ही असतो. गणपतीत, नवरात्रात, एखाद्या मंगल कार्यालयापुढच्या लग्नात 'तुमचे लोक' दुसरे असतात. गाडी मात्र तीच, गल्ली तीच आणि दगडही तोच.

माझे म्हणणे असे की, या भांडणात दोघेही अर्धे बरोबर असतात आणि कायदा नेमका काय म्हणतो ते दोघांनाही कुणी सांगितलेले नसते.

आधी घरमालकाचे बघू. घरापुढचा सार्वजनिक रस्ता घरमालकाचा नाही. त्याने घरपट्टी भरली, समोरचा खड्डा स्वतःच्या पैशाने बुजवला, रोज सकाळी सडा टाकला, तरीही नाही. पण त्याच्या फाटकाचा हक्क कायद्याने मानला आहे. मोटार वाहन कायद्याखाली 2017 साली वाहन चालवण्याचे जे विनियम आले, त्यांत गाडी कुठे उभी करू नये याची मोठी यादी आहे. पदपथावर नको, चौकाजवळ नको, पुलावर नको, बसथांब्याजवळ नको, शाळेच्या आणि दवाखान्याच्या दाराशी नको, उभ्या असलेल्या गाडीला लागून दुसरी नको, आणि कुणाच्याही जागेत जाण्या-येण्याच्या वाटेत नको. यासाठी तिथे 'नो पार्किंग'ची पाटी असण्याची गरज नाही. फाटक हीच पाटी.

म्हणजे फाटकाची रुंदी सोडायची हे बंधन आहे. पण फाटकाच्या डाव्या-उजव्या हाताला जी भिंत आहे, तिच्यापुढच्या रस्त्यावर घरमालकाचा शेजाऱ्यापेक्षा किंवा पाहुण्यापेक्षा कणभरही जास्त हक्क नाही. आपल्याकडची निम्मी भांडणे या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे होतात. घरमालक भिंतीपुढच्या जागेसाठी फाटकापुढच्या जागेइतक्याच त्वेषाने भांडतो. गाडीवाला 'रस्ता सगळ्यांचा' म्हणत थेट फाटकापुढे गाडी लावून नमाजला, आरतीला किंवा लग्नाला निघून जातो.

आता दगडाचे. नांदगाव पेठ ही ग्रामपंचायत आहे, आणि ग्रामपंचायतींचा जो 1958 चा अधिनियम आहे, त्याच्या कलम 53 मध्ये सार्वजनिक रस्त्यावर अडथळा किंवा अतिक्रमण करणे हा गुन्हा ठरवला आहे. तो अडथळा हटवण्याचा अधिकार पंचायतीला दिलेला आहे. चुकीच्या जागी गाडी लावणारा जसा कायद्याच्या कचाट्यात येतो, तसाच दगड ठेवणाराही येतो. फरक एवढाच की, गाडीला नंबर असतो म्हणून तिचा फोटो निघतो आणि ई-चालान मोबाइलवर येते. दगडाला नंबर नसतो.

दंडाचेही सांगून टाकतो, कारण त्याबद्दल अफवाच जास्त. महाराष्ट्रात डिसेंबर 2021 पासून जे वाढीव दर लागू झाले, त्यांत साध्या नियमभंगाला पहिल्या वेळी 500 रुपये आणि त्यानंतरच्या वेळी 1500 रुपये आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 127 प्रमाणे मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी गणवेशातला पोलीस अधिकारी उचलून नेऊ शकतो किंवा तिच्या चाकाला कुलूप लावू शकतो, आणि उचलण्याचा खर्च मालकाकडून वसूल होतो. हे पोलिसांचे काम आहे. गल्लीतल्या माणसाने दुसऱ्याच्या गाडीची हवा सोडणे किंवा आरसा मोडणे हा त्याचा स्वतःचा गुन्हा होतो, समोरच्याची गाडी कितीही चुकीची लागलेली असो.

इथवर नियम राज्यभर सारखेच आहेत. नांदगाव पेठेची खरी गुंतागुंत वेगळी आहे, ती कार्यालयांची. गाव पंचायतीचे, पण पोलीस ठाणे अमरावती शहर पोलीस आयुक्तालयाचे. गावाला लागून जाणारा नागपूर-अमरावती महामार्ग, ज्याला आपण अजूनही 'सहा नंबर' म्हणतो आणि ज्याचा कागदावरचा नंबर केव्हाच 53 झाला, तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. औद्योगिक वसाहतीचे रस्ते एमआयडीसीचे. एखाद्या माणसाने घरून निघून कामावर जाईपर्यंत तीन मालकांच्या रस्त्यांवरून गाडी चालवलेली असते. तक्रार करायची वेळ आली की प्रत्येक मालक पुढच्याकडे बोट दाखवतो. सरपंच म्हणतात, वाहतूक पोलिसांचा विषय. पोलीस म्हणतात, रस्ता पंचायतीचा.

कायदा मात्र या बाबतीत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. गाडी कुठे आणि किती वेळ उभी राहील हे ठरवण्याचे कलम 117 आहे. त्यात राज्य सरकारला, किंवा सरकारने ज्याला अधिकार दिले त्याला, वाहनतळाची जागा ठरवता येते, आणि ती त्या भागातल्या स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवायची असते. आपल्या राज्यातल्या शहरांत हे अधिकार पोलीस आयुक्तालये वापरतात. कलम 115, 116 आणि 117 चा उल्लेख असलेल्या त्यांच्या अधिसूचना वर्तमानपत्रांत येत असतात : अमुक रस्त्यावर सम तारखेला एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या बाजूला पार्किंग. अनेकदा ती व्यवस्था आधी प्रायोगिक असते, नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवल्या जातात, मग ती कायम होते. पंचायतीचा विचार आणि पोलिसांचा आदेश, दोन्ही लागतात. एकट्या पंचायतीने रंगवलेल्या पाटीवर चालान होत नाही, आणि गाव गप्प बसले तर आयुक्तालयाला या गल्लीची अडचण कळायचे कारण नाही.

पंचायतीला हा विषय नवाही नाही. 1958 च्या त्या अधिनियमात पंचायतीने कशाकशावर फी घ्यावी याच्या यादीत गाडीतळ आणि टांगातळ आहेत. ज्यांनी तो कायदा लिहिला त्यांना ठाऊक होते की गावात माणसे येतील, त्यांच्यासोबत बैल येतील, आणि बंडी कुठेतरी सोडावी लागेल. आज बंडीच्या जागी बोलेरो आली आणि तळ गायब झाला.

तळच कशाला, घरातले अंगणही गायब झाले. आठवून बघा. वऱ्हाडातल्या जुन्या घराला पुढे अंगण असे आणि बंडी, बैल, कडब्याची गंजी सगळे त्या अंगणात. रस्त्यावर खुंटा ठोकायची कुणाला गरज नव्हती. एमआयडीसी आली, पुढे वीज प्रकल्प उभा राहिला, भाड्याने खोली मागणारे कामगार आले, आणि अंगणाच्या जागी दोन खोल्या निघाल्या. रस्त्याच्या कडेचे घर असेल तर एक गाळा निघाला. त्यात गैर काही नाही, चार पैसे मिळाले, मुलांची शिक्षणे झाली. पण अंगणातली गाडी त्या दिवशी रस्त्यावर आली, आणि अंगणाचे भाडे मात्र घरातच राहिले. घरापुढच्या जागेवर हक्क सांगणाऱ्याने हा हिशोब स्वतःशी एकदा करावा. 20 सप्टेंबर 2024 रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून अमरावतीच्या पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. 1000 एकरांचा तो प्रकल्प इथलाच. तो भरात आला की खोल्या आणखी वाढतील आणि गाड्याही.

मोठ्या शहरांनी या रहिवासी पार्किंगचे काय केले, ते पाहिले तर फार दिलासा मिळत नाही. मुंबईत 7 जुलै 2019 पासून सार्वजनिक वाहनतळांच्या 500 मीटरच्या आत चुकीची गाडी लावली तर 5000 पासून 23250 रुपयांपर्यंत वसुली सुरू झाली. लोकांनी विचारले, आमच्या जुन्या इमारतीत जागाच नाही तर आम्ही रात्री गाडी कुठे ठेवायची? पुण्यात मार्च 2018 मध्ये महापालिकेच्या सभेने पार्किंग धोरण मंजूर केले, त्यावर असा गदारोळ झाला की ते प्रयोग म्हणून 5 रस्त्यांपुरते ठेवावे लागले. रहिवाशाने रस्त्यावर गाडी ठेवण्याचे पैसे द्यावेत, एवढे वाक्य उच्चारले की आपल्याकडे सगळे पक्ष एक होतात.

न्यायालये मात्र बऱ्याच वर्षांपासून वेगळे सांगत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2010 मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात निकाल दिला की, इमारतीखालची स्टिल्टची किंवा मोकळी पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती रहिवाशांच्या सामाईक मालकीत येते. अमरावतीत फ्लॅट घेताना 'पार्किंगचे वेगळे' म्हणून पैसे मोजणाऱ्यांनी हा निकाल लक्षात ठेवावा. ऑगस्ट 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जनहित याचिकेच्या सुनावणीत म्हटले की, ज्यांच्याकडे ठेवायला जागा नाही त्यांना एकापेक्षा जास्त गाड्या घेऊ देऊ नयेत. मे 2025 मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी जाहीर केले की, पार्किंगच्या जागेचे प्रमाणपत्र असल्याशिवाय नव्या कारची नोंदणी होणार नाही असे धोरण आणू. जपानमध्ये असा कायदा 1962 सालीच झाला. तिथे घरापासून 2 किलोमीटरच्या आत गाडीची जागा आहे असा पोलिसांचा दाखला आधी लागतो.

आपल्याकडे हे एकदम येईल असे मला वाटत नाही, आणि आले तर पहिला मार दोन खोल्यांत राहणाऱ्या, कर्ज काढून रिक्षा किंवा छोटा मालवाहू टेम्पो घेतलेल्या माणसावर बसेल. त्याची गाडी हौसेची नसते, तिच्यावर घर चालते. म्हणून रहिवासी परवान्याच्या कल्पनेतही मला एक धोका दिसतो. 'रहिवासी' कोण, हे घराचा उतारा पाहून ठरले तर मालकाच्या दुसऱ्या कारला जागा मिळेल आणि वरच्या खोलीतल्या भाडेकरू कामगाराच्या मोटारसायकलला नाही. एका घराला पहिली जागा फुकट किंवा नाममात्र, दुसऱ्या कारला मात्र चांगली फी, आणि भाडेकरूचा हक्क मालकाइतकाच, अशी काही रचना असेल तर ती न्यायाची म्हणता येईल. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत याचा नमुना आहेच. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर वर्षासाठी चिठ्ठ्या टाकायच्या. गल्लीत हे का चालू नये?

पण हे सगळे नंतरचे. आधी रुंदीचे बघा. गल्ली 6 मीटरची धरा. एक कार आरसे आणि भिंतीपासूनचे अंतर धरून 1.8 मीटर जागा घेते. दोन्ही बाजूंना कार लागल्या की मधे उरतात 2.4 मीटर. अग्निशमनाचा बंब सुमारे अडीच मीटर रुंद असतो. म्हणजे तो या गल्लीत शिरणार नाही. 108 ची रुग्णवाहिका शिरेल, पण एखाद्याने मोटारसायकल आडवी लावली असेल तर तीही अडकेल. एकाच बाजूला पार्किंग ठेवले तर 4.2 मीटर उरतात आणि दोन्ही सुखाने जातात. वादाचे उत्तर बहुतेक गल्ल्यांत या एका वजाबाकीत आहे. आपल्याकडच्या कित्येक जुन्या गल्ल्या 6 मीटरच्याही नाहीत, तिथे चारचाकी उभीच राहू नये, हे मान्य करावे लागेल. ते सगळ्यांना कडू लागेल, मलाही. माझ्या घराची गल्ली त्यातलीच आहे.

आता रमजानचे. मुसलमान वाचकांना वेगळे सांगायची गरज नाही, तरी सांगतो. वाटेत बसायचेच असेल तर वाटेचा हक्क द्या, कुणाला त्रास होईल ते वाटेतून दूर करा, ही शिकवण आपल्या घरांत लहानपणी मिळते. काटा उचलणे पुण्याचे आणि गाडीने फाटक अडवणे चालते, असे कुठल्या आलिमने सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तरावीहच्या वेळी मशीद कमिटीची दोन पोरे कोपऱ्यावर उभी राहून गाड्या मोकळ्या मैदानाकडे वळवतात, तिथे भांडणे होत नाहीत. त्या पोरांना कायद्याने कुठलाही अधिकार नसतो हे खरे, पण 'चाचा, गाडी तिकडे लावा, इथे आजींच्या घराचे फाटक आहे' एवढे म्हणायला अधिकार कशाला लागतो? जवळ राहणाऱ्यांनी चालत यावे हे तर कुणी सांगण्याचीही गोष्ट नाही. इफ्तारला पोट भरलेले असते, चालल्याने बरेच वाटते.

पण पोरांच्या भरवशावर किती वर्षे काढायची? आणि तीच व्यवस्था गणेशोत्सवात मंडळाने, लग्नसराईत मंगल कार्यालयाने का करू नये? इथेच लेखी नियमाची गरज लागते. 'या बाजूला रात्री 8 ते 11 पार्किंग नाही' अशी सरकारी पाटी गल्लीत असेल, तर ती रमजानमध्ये नमाजीला लागू होते, भाद्रपदात मंडळाच्या कार्यकर्त्याला आणि वैशाखात वऱ्हाड्यांना. तिच्याखाली उभे राहून कुणी 'तुमचे लोक' म्हणू शकत नाही. घरमालकाला रस्त्यावर येऊन आवाज चढवावा लागत नाही, तो पाटीकडे बोट दाखवतो किंवा पोलिसांना फोन करतो. गाडीवाल्यालाही गाडी कुठे लावली तर चालेल हे आधीच कळते. आजची मनाई अंदाजाने पाळायची असते आणि अंदाज ज्याच्या त्याच्या सोयीचा असतो.

अमरावतीहून रमजानच्या खरेदीला इतवारा-जवाहर गेटच्या बाजूला गेलेल्या कुणालाही विचारा, गर्दीचा त्रास वेगळा आणि गाडी कुठे लावायची हे न कळण्याचा त्रास वेगळा. पहिला लोक हसत सोसतात.

हातगाड्यांबद्दल एक वाक्य, नाहीतर पार्किंगची मोहीम नेहमीप्रमाणे त्यांच्यावरच घसरेल. फळांची, शेवयांची, खजुरांची गाडी लावणाऱ्याला 2014 च्या पथविक्रेता कायद्याचे संरक्षण आहे. त्याला हटवून त्या जागी कार लावणे याला शिस्त म्हणत नाहीत.

तर करायचे काय? 1 मेची ग्रामसभा हाताशी आहे. वर्षातून किमान 4 ग्रामसभा घेणे पंचायतीवर बंधनकारक आहे, आणि तिथे विषय मांडायला कुठल्या पक्षाचे असावे लागत नाही. मशीद कमिटी, गणेश मंडळे, बुद्धविहाराचे लोक, मंगल कार्यालयवाले आणि दोन-तीन भाडेकरू कामगार अशा सगळ्यांच्या सह्यांचा एकच अर्ज गेला तर फार बरे. अर्जात गल्ल्यांची नावे आणि टेपने मोजलेली रुंदी असावी. कोणती बाजू मोकळी ठेवायची आणि कोणत्या वेळेत, हे असावे. बाहेरून येणाऱ्या गाड्यांसाठी पंचायतीच्या ताब्यातली कोणती मोकळी जागा सणांच्या दिवसांत वाहनतळ म्हणून द्यायची, हे असावे. ठराव झाला की त्याची प्रत अमरावती शहर पोलीस आयुक्तालयाच्या वाहतूक शाखेकडे, कलम 117 खाली अधिसूचना काढावी या मागणीसह पाठवावी. महामार्गाच्या कडेला रात्री उभ्या राहणाऱ्या ट्रकांचा अर्ज मात्र वेगळा करावा आणि महामार्ग प्राधिकरणाकडे करावा. तो याच कागदात घातला तर दोन्ही कामे अडकतात, हा सगळ्या गावांचा अनुभव आहे. धोकादायक रीतीने गाडी सोडून जाण्याला कलम 122 ने मनाई आहे आणि अंधारात दिवे न लावता उभा असलेला ट्रक म्हणजे काय, हे या रस्त्यावरून रात्री ये-जा करणाऱ्या कामगारांना सांगायला नको.

रुंदी मोजायला तरावीहनंतरची वेळ चांगली. गाड्या निघून गेलेल्या असतात, माणसे जागी असतात आणि दगड कुणी आत नेलेले नसतात. ते कुठे कुठे आहेत, याचीही नोंद त्याच कागदावर होऊन जाईल.